घरचा मिस्त्री : जीपमधला अ‍ॅम्प्लिफायर मुका झाला



लग्नसराई लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. पावसाळ्यात मोटारपंप आणि ओलीने शॉक देणाऱ्या भिंती, दिवाळीच्या सुमारास इस्त्री आणि मिक्सर, आणि उन्हाळ्यात एकच रड : गाडीतला साउंड चालता चालता बंद पडला, मिस्त्री म्हणतो अ‍ॅम्प्लिफायर जळाला, आता काय करावे? प्रत्येकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा यंदा आमच्या घरातलीच हकीगत सांगतो. तीत उत्तरही आहे, आणि आमच्या घराची थोडी अब्रूही जाणार आहे. तिला इलाज नाही.

माझी थोरली बहीण खामगाव तालुक्यात राहते. तिचा मुलगा जुनी जीप चालवतो. एरवी सवाऱ्या, लग्नात वऱ्हाड, आणि सणावाराला मिरवणुकीची सुपारी. नुसत्या सवाऱ्यांत डिझेल निघून हातात फारसे उरत नाही, म्हणून त्याने जीपमध्ये अ‍ॅम्प्लिफायर, मागे दोन मोठे वूफर आणि दोन लहान स्पीकर बसवले. पैसा बहिणीच्या बचत गटातून कर्जाऊ घेतलेला. हप्ता ती भरते. निंदणाच्या मजुरीतून भरते, हे सांगायला नको.

एप्रिलच्या 12 तारखेला संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, अ‍ॅम्प्लिफायर गेला. वरातीत चालू गाण्यात बंद पडला. लोकं हासले मले."

"गेला म्हंजे कसा गेला? धूर निघाला का?"

"नाही. चूप झाला. मिस्त्रीले दाखवला, तो म्हने आयसी उडाली, साडेचार हजार लागतीन. चौदा तारखेची सुपारी घेऊन बसलो ना मी."

साडेचार हजार म्हणजे बहिणीचे दोन हप्ते आणि वर किराणा. मी म्हटले, कोणाला पैसे देऊ नको, कशाला हात लावू नको, सकाळी पहिल्या गाडीने येतो. मी वायरमनच्या नोकरीतून निवृत्त झालेला माणूस. अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातले मला फारसे कळत नाही, हे आधीच कबूल करतो. पण विजेचे एक वैशिष्ट्य आहे. ती घरातली असो की गाडीतली, येण्याचा रस्ता आणि जाण्याचा रस्ता दोन्ही धड असल्याशिवाय काम करत नाही. अचानक मुका झालेला अ‍ॅम्प्लिफायर पुष्कळदा आतून धडधाकट असतो आणि बिघाड त्याच्यापर्यंत जाणाऱ्या चार तारांत असतो. म्हणून डबा उघडण्याच्या आधी तारा पाहायच्या.

गाडीच्या अ‍ॅम्प्लिफायरला चालू व्हायला तीन तारा लागतात. एक जाड लाल, ती थेट बॅटरीच्या अधिक टोकाकडून येते. एक जाड काळी, ती गाडीच्या पत्र्याला किंवा चॅसीला बोल्टने आवळलेली असते. गाडीचे सगळे लोखंड बॅटरीच्या उणे टोकाला जोडलेले असल्याने तेच परतीचा रस्ता असते. यालाच आपण अर्थ म्हणतो, जमिनीशी त्याचा संबंध नाही. तिसरी तार बारीक, बहुधा निळी. ती टेपकडून येते. टेप चालू झाला की या तारेतून 12 व्होल्टचा इशारा जातो आणि अ‍ॅम्प्लिफायर जागा होतो. टेप बदलताना ही बारीक तार जोडायची राहिली किंवा निसटली, तर जाड तारांत भरपूर करंट असूनही दिवा लागत नाही. निळी तार निसटलेला सेट "जळाला" म्हणून विकलेला मी स्वतः पाहिला आहे.

सकाळी पोहोचलो तेव्हा नऊ वाजले होते आणि जीपचा पत्रा आताच हाताला चटका देत होता. आपल्या जिल्ह्यात घाटावर बुलडाण्याला थोडी झुळूक असते, पण घाटाखाली खामगाव, नांदुरा, मलकापूर म्हणजे एप्रिलमध्ये भट्टीच. त्यामुळे पहिला संशय उष्णतेचा घ्यावा लागतो. चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरला आत एक राखणदार असतो. डबा फार तापला की तो स्वतःच बंद होतो, आणि पंधरा-वीस मिनिटे थंडावला की पुन्हा बोलू लागतो. असे होत असेल तर तो बिघाड नाही. अ‍ॅम्प्लिफायर सीटखाली गोणपाटात गुंडाळलेला असेल, त्याच्या पंख्यांवर म्हणजे त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर सतरंजी पडली असेल, तर ती काढावी आणि चहूबाजूंनी हवा खेळेल अशी जागा द्यावी. ओले फडके टाकू नये. काही बहाद्दर टाकतात.

पण आमचा सेट रात्रभर थंड होऊनही गप्प होता. तेव्हा उष्णता नव्हे.

मी प्रथम भाच्याला टेपकडून येणाऱ्या गाण्याच्या पिना आणि स्पीकरच्या सगळ्या तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवायला लावल्या. हे का, ते सांगतो. पुष्कळ अ‍ॅम्प्लिफायरवर दोन दिवे असतात, हिरवा आणि लाल. लाल लागला म्हणजे राखणदाराने दार लावून घेतले आहे. अशा वेळी स्पीकरच्या तारा सोडून पाहाव्यात. लाल जाऊन हिरवा आला, तर अ‍ॅम्प्लिफायर निर्दोष असून स्पीकर किंवा त्याची तार शॉर्ट आहे. मग एकेक स्पीकर जोडत जावे, ज्याला जोडताच लाल येईल तो चोर. स्पीकर तपासायला मीटरही लागत नाही. घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घेऊन स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवा. "टक्" असा आवाज आला आणि पडदा हलला तर कॉइल शाबूत आहे. सगळे सोडूनही लाल दिवा जात नसेल, तर मात्र बिघाड डब्याच्या आत आहे आणि तो मिस्त्रीकडेच न्यायचा.

आमच्याकडे ना हिरवा ना लाल. अंधार. म्हणजे त्याच्यापर्यंत करंटच पोहोचत नव्हता, किंवा पोहोचून परत जात नव्हता.

"मिस्त्रीने टेस्ट लॅम्प लावून पायला," भाचा म्हणाला, "लॅम्प झगझगीत लागला. म्हणून तं तो म्हने बारा व्होल्ट येऊन राहिले, आयसीच गेली."

"लॅम्पचा चिमटा कुठं लावला होता त्यानं?"

"दरवाज्याच्या बोल्टाले."

इथेच सगळी गंमत आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. टेस्ट लॅम्प म्हणजे 12 व्होल्टचा गाडीचा बल्ब आणि त्याला दोन तारा. एका तारेला टोचणी, दुसरीला चिमटा. चिमटा दरवाज्याला लावून टोचणी लाल तारेवर टेकवली, की करंट लाल तारेतून बल्बमध्ये आणि तिथून दरवाज्याच्या लोखंडातून बॅटरीकडे जातो. बल्ब लागतो. यातून लाल तार चांगली आहे एवढेच कळते. अ‍ॅम्प्लिफायर मात्र दरवाज्यातून करंट परत पाठवत नाही, स्वतःच्या काळ्या तारेतून पाठवतो. त्या तारेची चौकशी कोणी केलीच नाही.

मी चिमटा काढून अ‍ॅम्प्लिफायरच्याच काळ्या टर्मिनलला लावला आणि टोचणी शेजारच्या लाल टर्मिनलवर ठेवली. बल्बमधली तार विडीच्या टोकासारखी लालसर झाली, एवढेच. काळी तार कुठे जाते म्हणून पाहिले, तर ती सीटखाली, गाडी रंगवून झाल्यावर रंगावरच आवळलेल्या एका बोल्टाला होती. बोल्ट ढिला, वायसर गंजलेले, थिंबलच्या खाली काळा डाग. रंग म्हणजे विजेच्या दृष्टीने कागदच. बोल्टाच्या आट्यांतून जेमतेम जाणारा करंट इतके महिने कसाबसा निभावला, आणि वरातीच्या रस्त्यावर खड्ड्यांत आदळून तेवढाही तुटला.

माझ्याकडे मीटर होता. आता साधा डिजिटल मीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो आणि तो बाळगावाच. पण अशा जागी मीटर फसवतो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही, म्हणून केसाएवढा रस्ता शिल्लक असला तरी तो ऐटीत 12 व्होल्ट दाखवतो. बल्बला पोटभर करंट लागतो, त्यामुळे तो खरे बोलतो. मीटरनेच पाहायचे तर गाणे मोठ्या आवाजात चालू असताना पाहावे. तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरच्या काळ्या टर्मिनलपासून बॅटरीच्या उणे टोकापर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर अर्थ खराब समजावा.

बॅटरीचे आकडेही लक्षात ठेवा. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते. इंजिन चालू झाले की डायनामो तिला भरू लागतो आणि काटा साधारण 13.8 ते 14.4 वर जातो. इंजिन चालू असूनही 12 च्या आसपासच राहिला तर डायनामो किंवा त्याचा पट्टा पाहावा. इंजिन बंद ठेवून तासभर साउंड वाजवला आणि बॅटरी उतरली, तरीही अ‍ॅम्प्लिफायर अचानक बंद पडतो. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला दिवा मिटतो आणि पुन्हा लागतो, ही त्याची खूण.

आता खरे तर काम संपले होते. बोल्ट काढायचा, पॉलिश पेपरने रंग घासून रुपयाएवढी जागा चकचकीत करायची, नवे दातेरी वायसर घालून आवळायचे, आणि वरून ग्रीस चोपडायचे म्हणजे पावसाळ्यात गंज धरत नाही. दहा मिनिटांचा खेळ. पण बहीण दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "दादा, मले तं पंधरा दिसापासून जीपीत वास येते. जळक्या रबराचा. याले सांगतलं तं म्हणते, डिझेलचा हाय."

माणसे गाडीच्या आवाजाकडे कान देतात. वासाकडे घरातली बाईच लक्ष देते, कारण चुलीपाशी तिची सवय झालेली असते. मी लाल तारेच्या मागे निघालो.

बॉनेट उघडले. बॅटरीजवळ फ्यूजची डबी होती, जिथे असायला हवी तिथेच. उघडली तर आत फ्यूज नाही. तांब्याच्या तारेचे चार-पाच पदर पिळून दोन्ही टोकांत घट्ट खोचलेले. मी भाच्याकडे पाहिले. तो जमिनीकडे पाहत होता.

"फ्यूज दोनदा उडाला ना मामा. रस्त्यात कुठं मिळते?"

दोनदा उडाला. आणि का उडाला हे विचारायचे सोडून त्याने उडणारी वस्तूच काढून टाकली. इंजिन आणि ड्रायव्हरची जागा यांच्यामध्ये जो पत्रा असतो, त्यातल्या भोकातून ती लाल तार आत आली होती. भोकाला रबरी ग्रोमेट नव्हते. कापलेल्या पत्र्याची धार, आणि तिच्यावर गाडीच्या प्रत्येक हादऱ्यानिशी घासणारी तार. वरचे रबर कापले जाऊन आत तांबे उघडे पडले होते आणि पत्र्याच्या काठावर काजळी होती. तांबे पत्र्याला टेकले की बॅटरीचे अधिक टोक सरळ उणे टोकाला भिडते. गाडीची बॅटरी अशा शॉर्टमध्ये काही शे अँपिअर ओकते. फ्यूज असता तर क्षणात वितळून त्याने करंट तोडला असता, आणि दोनदा त्याने तेच केले होते. पिळलेली तार वितळत नाही. मग वितळायची पाळी त्या लाल तारेची, तिच्याशेजारच्या रबराची, डिझेलच्या नळीची.

त्या जीपमध्ये आठ-दहा माणसे बसतात. 1 जुलै 2023 च्या पहाटे आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस उलटून पेटली आणि 25 जण गेले. तिथले कारण वेगळे होते, अपघात होता, तारेचा संबंध नव्हता. पण गाडी पेटल्यावर आतल्या माणसाला किती वेळ मिळतो, हे त्या दिवसापासून आपल्या भागात कोणाला सांगावे लागत नाही. भाच्यालाही लागले नाही. तो काही बोलला नाही, गपचूप पाना आणायला गेला.

अशा कामात आधी बॅटरीचे उणे टोक सोडायचे, आणि सगळे झाल्यावर शेवटी तेच जोडायचे. अधिक टोक सोडताना पाना पत्र्याला लागला तर जोरदार ठिणगी उडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघत असतो, म्हणून तिच्यापाशी विडी-काडीही नको. कापलेल्या तारेला टेप गुंडाळून भागवायचे नाही. आम्ही ती तार पूर्ण बदलली, भोकात ग्रोमेट बसवले आणि बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज घातला. फ्यूज बॅटरीजवळच का, अ‍ॅम्प्लिफायरजवळ का नाही, असे एका वाचकाने मागे विचारले होते. कारण फ्यूज राखतो ती पुढची तार. तो सीटखाली बसवला तर बॅटरीपासून सीटपर्यंतची तार बेवारस राहते.

फ्यूज किती अँपिअरचा, हे रंगावरून कळते. पात्याच्या फ्यूजमध्ये लाल 10 चा, निळा 15 चा, पिवळा 20 चा, पारदर्शक 25 चा आणि हिरवा 30 चा. कंपनीने जो सांगितला असेल तोच घालावा. 20 चा उडतो म्हणून 30 चा घालणे हा त्या पिळलेल्या तारेचाच धाकटा भाऊ. आणि अ‍ॅम्प्लिफायर विकत घेतानाही फ्यूजकडेच पाहा. डब्यावर 2000 वॅट छापलेले असते, आणि मागे 30 अँपिअरचा एकच फ्यूज. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट, हा शाळेतला हिशोब. 14 गुणिले 30 म्हणजे 420. त्यातलाही मोठा वाटा उष्णतेत जातो. 2000 आणायचे कुठून? दुकानदाराला हा हिशोब विचारला की तो चहा मागवतो, असा माझा अनुभव आहे.

संध्याकाळी सगळे जोडले, हिरवा दिवा लागला, गाणे वाजले. पण मागचे स्पीकर जोडताना अजून एक गोष्ट दिसली. आवाज वाढावा म्हणून भाच्याने दोन्ही वूफर एकाच टोकाला शेजारी शेजारी जोडले होते. 4 ओमचे दोन स्पीकर असे जोडले की अ‍ॅम्प्लिफायरला ते 2 ओमचे दिसतात, आणि तो दुप्पट करंट ओढू पाहतो. त्याच्यावर किमान 4 ओम लिहिलेले असेल तर हा त्याच्यावर दुप्पट ओझे लादण्याचा प्रकार. तो तापणार, लाल दिवा दाखवणार, आणि एक दिवस खरोखरच जळणार. आम्ही ते वेगवेगळ्या टोकांना केले. आवाज थोडा कमी झाला, पण फाटका होता तो स्वच्छ झाला. हा ओम म्हणजे जॉर्ज ओम, एका कुलूप बनवणाऱ्या जर्मन कारागिराचा मुलगा. शाळेत शिकवता शिकवता त्याने स्वतः तारा ओढून प्रयोग केले आणि 1827 साली आपला नियम पुस्तकात छापला. बाप शाळेत न जाता स्वतः गणित शिकलेला, आणि पोरांनाही त्यानेच शिकवले. हे मी भाच्याला सांगितले तेव्हा तो प्रथमच हसला.

भोंगे लावून प्रचाराची किंवा दवंडीची कामे करणाऱ्यांसाठी दोन ओळी. बॅटरीवर चालणाऱ्या त्या अ‍ॅम्प्लिफायरनाही लाल, काळी, फ्यूज आणि अर्थ हीच तपासणी लागू आहे. फरक एवढाच की तिथे मागे 4, 8, 16 ओमची वेगळी टोके असतात. भोंग्याच्या युनिटवर जेवढे ओम लिहिले असतील त्याच टोकाला तो जोडावा. आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद. मुदतवाढीच्या दिवसांची खात्री पोलीस ठाण्यात आधीच करून घ्यावी, कारण जप्त झालेला सेट सोडवायला लागणाऱ्या खेपांपुढे फ्यूजचा खर्च काहीच नाही.

आमचा सगळा खर्च तार, ग्रोमेट, वायसर, थिंबल आणि फ्यूजचे एक पाकीट मिळून साडेपाचशेच्या आत आला. त्यात तारेचाच मोठा वाटा. मिस्त्रीला मी दोष देत नाही. चिमटा दरवाज्याला लावायची चूक मीही तरुणपणी केली आहे.

14 तारखेला पहाटे भाचा जीप धुऊन निघाला. जाताना फ्यूजचे पाकीट त्याने डॅशबोर्डच्या खणात ठेवले होते. बहिणीने ते काढून उघडले आणि मोजले. पाच होते. तिने तीन परत ठेवले आणि दोन आपल्या बटव्यात टाकले.

"हे मह्याजवळ राहू दे," ती म्हणाली. "उडाला तं पहिले मले येऊन सांगशील, काहून उडाला ते. मंग देईन."